मुंजाजीच्या नावचा वेळू

कडूमायच्या उजव्या तळहाताला, आंगठ्याच्या बुडाशी, चिंचोक्याएवढा एक घट्टा व्हता. आजारपणात सगळं अंग वाळून चिपाड झालं, पर त्यो घट्टा काही गेला न्हाई. शेवटची आंघोळ घालताना बायांनी त्यो बगितला अन् एकमेकीकडं बगत राह्यल्या. ज्याला ठाऊक व्हतं त्याला ठाऊक व्हतं. ज्याला न्हाई त्याच्यासाठी हे सांगायचं.

तवा ताडकळसच्या खालच्या अंगाला, गंगेच्या काठाला भोयांची पंधरा-ईस घरं व्हती. गोदावरीला तिकडं गंगाच मनतात. राज्य निजामाचं, अन् साल जर्मनच्या लढाईचं. कडूबाई तवा अठरा-एकोणीस वर्षांची. तिच्या आधीची तीन लेकरं दगावली मनून बापानं हिचं नाव कडू ठेवलं, म्हंजी काळाला चव लागू नये. नावासारखीच निघाली. एकदा धरलं की सोडायची न्हाई.

नवरा मुंजाजी. गुडघाभर पाण्यात हुबा राहून कुठं मासा हाय ते सांगणारा माणूस. आदल्या सालच्या भादव्यात त्याला मुदतीचा ताप आला. एकवीस दिवस उतरला न्हाई. बाविसाव्या दिवशी दुपारी त्याच्या नाकाशी सूत धरलं तर सूत हाललं न्हाई. बायांनी गळा काढला. आवस दोन दिवसांवर आल्याली, आभाळ गच्च भरलेलं. पाऊस आला तर सरण भिजंल, मनून मुंजाजीचा थोरला भाऊ लिंबाजी तिरडीच्या वेळूसाठी कुऱ्हाड घिऊन पळाला.

वेळू मिळायची जागा एकच, विरूपाक्षअप्पाचा मळा. तिथलं बेट भरीव वेळूचं, आतून पोकळ नसतो असला. मनगटाहून बारीक, पर गडी लटकला तर मोडणार न्हाई. अप्पा लिंगायत. गळ्यात लिंग, सकाळची पूजा झाल्याबिगर पाणी घ्यायचे न्हाईत. भोयानं गळाच्या काठीसाठी वेळू मागितला की हात जोडायचे, ‘जीव मारायला मी काडी देणार न्हाई बाबा.’ पर मयतासाठी कुणी बी यावं, कुठल्या बी जातीचं यावं, अप्पा न्हाई मनायचे न्हाईत. लिंबाजीनं दोन तोडले, शेंड्यासकट तसेच वढत आणले, अन् मुंजाजीच्या अंगणात धाडकन टाकले.

त्या आवाजानं मुंजाजीनं डोळे उघडले.

‘‘कोण गेलं?’’ त्यानं इचारलं.

रडणं जागच्या जागी थांबलं. लिंबाजी कुऱ्हाड हातात घिऊन तसाच हुबा. शेवटी त्याची बायको धुरपताबाई मनली, ‘‘कुणी न्हाई भावजी. गप पडा तुमी.’’

मुंजाजी वाचला. पर ताप जाताना त्याचं उजवं अंग घिऊन गेला. हात लुळा, पाय लुळा, बोलणं जड.

अन् त्या दोन वेळूंची पंचाईत झाली. मयताच्या नावानं तोडलेली वस्त घरात ठिवत न्हाईत. वेळू चुलीत बी घालत न्हाईत, वंश बुडतो मनतात. अप्पाला परत द्यावा तर दिलेलं दान परत घेतंय कोण? लिंबाजीनं दोन्ही वढत नेले अन् मसणवाट्याच्या अलीकडं बाभळीच्या दुबेळक्यात, दोन फांद्यांच्या बेचक्यात, हुबे करून ठिवले. तवापासून लिंबाजीनं त्या वाटेनं जाणंच सोडलं. लांबून शेताशेतानं जायचा. भाऊ जिता असताना त्याच्या तिरडीचं लाकूड तोडलं, हे त्याच्या मनातून काही जाईना.

सालभर असंच गेलं. कडूबाई निंदायला गेली, ज्वारी काढायला गेली, लोकांची भांडी घासली. अन् दसऱ्याच्या म्हयनाभर आधी दिनकररावाचा मुनीम वस्तीवर आला.

दिनकरराव म्हंजी डोहाचा गुत्तेदार. तहसिलातून त्यानं म्हसोबाच्या डोहाचा गुत्ता, म्हंजी माशांचा ठेका, घेतलेला. गुत्ता घेतल्यापासून भोयांचं जाळं बंद. भोयांनी लय आरडाओरड केली तवा त्यानं एक कायदा काढला. एका घराला काठावर एक ठिय्या अन् एक काठी. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मुनीम काठीच्या बुडाला लाखेची मोहर लावायचा. ती काठी मोडली की त्या घराचा ठिय्या गेला, पुढच्या दसऱ्यापर्यंत. न्हाई तर मोडली-मोडली करून एकेक घर चार-चार काठ्या आणतंय, असं त्याचं मनणं.

‘‘मुंजाजीचा ठिय्या औंदा मोकळा धरायचा का?’’ मुनीमानं लिंबाजीला इचारलं. ‘‘गेल्या साली बी कुणी बसलं न्हाई. रावसाहेब मनतेत, दुसऱ्याला देऊन टाकू.’’

कडूबाई दारात शेळी बांधायली व्हती. भायासमोर, म्हंजी थोरल्या दिरासमोर, बोलायची रीत न्हाई. तिनं डोक्यावरचा पदर पुढं वढला अन् शेळीला मनली, ‘‘चंद्रे, सांग गं, ठिय्यावर औंदा माणूस बसणार हाय मनावं.’’

लिंबाजी बी शेळीकडंच बगत मनला, ‘‘कोण बसणार?’’

‘‘मी.’’

मुनीम हासला. ‘‘शेळी बसणार का?’’

‘‘शेळीची मालकीण बसणार.’’

लिंबाजीच्या घरात सहा तोंडं. ह्या दोघांची भर पडली असती तर त्यानं न्हाई मनलं नसतं. पर दोन येळेला दुसऱ्याच्या ताटाकडं बगत बसायचं, अन् मुंजाजीनं डाव्या हातानं भावाच्या घरचा तुकडा मोडायचा, हे कडूबाईच्या डोळ्यापुढं आलं अन् तिनं मनात गाठ मारली. ठिय्या ठिवायचा. मासा दिऊन ज्वारी घ्यायची. आपल्या चुलीवर भाकर करायची.

आता काठी.

मुंजाजीची जुनी काठी आढ्याला टांगल्याली व्हती. कडूबाईनं उतरवली. टिचकी मारली तर पीठ गळायलं. भुंग्यानं आतून पोखरून ठिवलेली.

मुंजाजी बाजेवरून बगत व्हता. त्यो एकेक शब्द हळूहळू लावून मनला, ‘‘बरं झालं. तुला... ती झेपली नसती. दहा हात लांब. तुझी... काठी येगळी.’’

‘‘मंग सांगा, कशी पायजे?’’

सालभर त्या माणसाला कुणी काही इचारलं नव्हतं. तोंडातून लाळ गळायची, लोक मान फिरवायचे. आज बायकोनं इचारलं अन् त्याच्या डोळ्यात जुनी चमक आली. मनला, ‘‘म्हशीच्या खडकावर बसून... आपल्या ठिय्यावर... किती तऱ्हेचं पाणी दिसतंय?’’

म्हशीचा खडक म्हंजी त्यांच्या ठिय्याचा खडक, बसलेल्या म्हशीसारखा. कडूबाई इचार करून मनली, ‘‘डावीकडं शेवाळ अन् कमळाची पानं. समोर खोल पाणी. उजवीकडं दगडाच्या कपारी.’’

‘‘शेवाळात मरळ. तिला बेडूक पायजे. धरली की शेवाळात पळती. तिथंच रोखायची, मनून... बुडाला जोर पायजे. समोर रोहू. त्याचं तोंड नाजूक. वढलं की वठ फाटतो. मनून शेंडा मऊ. कपारीत वाम. ती दगडाला यटोळं घालून बसती, दम धरून काढावी लागती. मनून... मधला कणा.’’

‘‘तिघांना तीन काठ्या लागत्यात मंग.’’

‘‘लोक बुडाला जोर बगतात, मरळ मारतात, बाकीचं सोडतात. चार म्हयने मरळ. मंग पाणी गार झालं की उपाशी. आपल्याला... एकीत तिन्ही.’’

‘‘अन् ओळखायची कशी?’’

मुंजाजी हासला. वाकड्या तोंडानं का होईना, सालभरात पयल्यांदा. ‘‘चिंचोका, तांब्या, शेळी.’’

चिंचोका म्हंजी असं. शेंड्याला सुतानं एक चिंचोका बांधायचा, डोळे मिटायचे अन् दुसऱ्यानं चिंचोक्याला फुंकर घालायची. बुडाशी धरलेल्या बोटाला कळलं तर शेंडा जागा हाय. तांब्या म्हंजी दोरीला पाण्यानं भरलेला तांब्या बांधून काठीनं उचलायचा. पाणी सांडलं न्हाई तर कणा सरळ हाय. अन् शेळी म्हंजी दोरी शेळीच्या गळ्याला बांधायची, शेळीला पाला दाखवून पळवायची अन् काठीनं धरून ठिवायची.

मंग त्या अंगणात जे सुरू झालं ते बगायला वस्ती जमायची.

पयली काठी ताडकळसच्या बाजारातून बुरडाकडून आणली. पोकळ वेळू, दिसायला देखणा. चिंचोका पास. तांब्या उचलताना बांगडी फुटल्यासारखा आवाज झाला अन् उभा तडकला. दुसरी निरगुडीची. चिंचोका वाऱ्यानं हालला तरी कळायचा, पर तांब्या उचलायला गेली तर शेंडा जमिनीला टेकला अन् तांब्या हाय तिथंच. तिसरी बोरीची, लिंबाजीनं गुपचूप आणून दारात टाकल्याली. तिनं शेळी धरली, तांब्या धरला, पर चिंचोका? धुरपताबाई फुंकर घालून घालून दमली.

‘‘कळालं का गं?’’

‘‘न्हाई.’’

‘‘आता?’’

‘‘न्हाई.’’

‘‘अगं आता तर मी हातानं हालवायली! ही काठी न्हाई, मुसळ हाय.’’

सगळे हासले. कडूबाई बी हासली, पर काठी बाजूला ठिवली.

धुरपताबाई मनली, ‘‘घे की हीच. मोडणार न्हाई, मोहर टिकंल. मरळ तर मरळ.’’

‘‘चार म्हयने, जाऊबाई. बाकीचे आठ तुमच्या दारात येऊ का?’’

‘‘ये की. मी न्हाई मनले का?’’

‘‘तुमी मनणार न्हाई. मनूनच.’’

दसरा आठ दिवसांवर आला. कडूबाई गोवऱ्या येचायला मसणवाट्याकडं गेली व्हती. बाभळीखाली वाकली अन् वर बगितलं तर ते दोन वेळू. सालभर वाऱ्यात, सावलीत हुबे. उनाळा खाल्ला, पावसाळा खाल्ला. हिरवेपणा जाऊन अंगाला गव्हासारखा रंग आल्याला. तिनं टिचकी मारली. पीठ न्हाई. एक बारीक टणक आवाज आला. दुसऱ्यांदा मारली. मंग तिच्या ध्यानात आलं. आवसेच्या तोंडावर तोडलेला वेळू. अंधाऱ्या पाखात तोडला की भुंगा लागत न्हाई, हे भोयाच्या लेकराला बी ठाऊक. लिंबाजीनं घाईत तोडला, पर तोडला नेमका तवाच.

गोवऱ्या तिथंच टाकून ती घरी आली. मुंजाजीजवळ बसली. कसं सांगावं? ‘तुमच्या तिरडीचा वेळू लय चांगला निघाला’ असं कुणी नवऱ्याला सांगतंय का?

तिनं धुरपताबाईला सांगितलं. धुरपताबाईनं दोन्ही कान धरले. ‘‘येडी झाली का गं? मरणाला हातानं आवतन द्यायली का?’’

लिंबाजी आतून ऐकत व्हता. भायर आला. डोळे लाल. शेळीला बांधलेल्या खुट्याकडं बगून मनला, ‘‘ते वेळू पुन्हा माझ्या डोळ्यापुढं आले तर मी गंगेत सोडून देईन. सांगून ठिव.’’

कडूबाई पदर सावरून शेळीला मनली, ‘‘चंद्रे, सोडायचे व्हते तर सालभर काहून न्हाई सोडले मनावं?’’

लिंबाजी तसाच निघून गेला.

कडूबाईनं रात काढली अन् दिवस उजाडताच अप्पाच्या मळ्यात गेली. अप्पाची बायको गंगम्मा अंगण सारवायली व्हती. अप्पा पूजा करून वसरीवर बसलेले, कपाळावर भस्माचे पट्टे. कडूबाई खाली अंगणात हुबी राह्यली.

‘‘काय गं पोरी? मुंजाजी बरा हाय न्हवं?’’

‘‘बरे हायत अप्पा. एक इचारायला आले. खोटं बोलून बी नेता आलं असतं, पर मला तसं न्यायचं न्हाई.’’ अन् तिनं सगळं सांगितलं. ठिय्या, मोहर, चिंचोका, शेळी, बाभूळ. काही लपवलं न्हाई.

अप्पाचं तोंड उतरलं. ‘‘शिवा शिवा. मी त्यो वेळू मयतासाठी दिला गं. माशासाठी न्हाई.’’

‘‘व्हय. पर ज्याच्यासाठी दिला त्यो मेलाच न्हाई अप्पा. मंग त्यो वेळू आता कुणाचा?’’

गंगम्माचा सारवायचा हात थांबला.

‘‘तुमचा मनाल तर मी बाभळीखाली बी जाणार न्हाई,’’ कडूबाई मनली. ‘‘तुमी सांगा.’’

अप्पानं गळ्यातल्या लिंगाला हात लावला. मंग मनले, ‘‘दिलेलं माझं न्हाई. ते पाप हुईल. ज्याच्या नावानं दिला, त्याचा त्यो. अन् त्यो जिता हाय तर त्यालाच इचार. मला इचारू नको.’’ ती वळली तवा मागून मनले, ‘‘पर पोरी, मासा माझ्या दारावरून नेऊ नको.’’

‘‘न्हाई नेणार. वळसा घालून जाईन.’’

‘‘वळसा लय मोठा हाय.’’

‘‘पाय हायत अप्पा.’’

घरी आली अन् मुंजाजीच्या बाजेपाशी खाली बसली. आता सांगण्यावाचून गत नव्हती. ‘‘अवो, तुमचा एक वेळू बाभळीला हाय,’’ ती मनली.

मुंजाजी आढ्याकडं बगत राह्यला. ‘‘ठाऊक हाय.’’

‘‘कुणी सांगितलं?’’

‘‘डोळे उघडले तवा... दादाच्या हातात कुऱ्हाड. मयताशिवाय... अप्पा वेळू देत न्हाईत. मी कोण गेलं इचारलं तर वहिनी मनली, कुणी न्हाई. म्हंजी... मीच.’’ मंग मनला, ‘‘कसा हाय?’’

‘‘काय कसा हाय?’’

‘‘वेळू. पेरं कशी हायत?’’

कडूबाईला रडू फुटलं अन् त्यातच हासू आलं. ‘‘जवळजवळ हायत. दोन हायत. एक सरळ, एकाला शेंड्याकडं वाक.’’

‘‘मला घिऊन चल. घरात आणायचं नसतं त्याला. आपणच जाऊ.’’

पर न्यायचं कसं? त्यो चालत नव्हता अन् तिला उचलवत नव्हता. ती दारात येऊन शेळीला काही सांगायला तोंड उघडणार, तर लिंबाजी समोर हुबा. किती येळचा ऐकत व्हता काय म्हाईत. त्यो काही न बोलता आत गेला, भावासमोर पाठ करून बसला, त्याला पाठुंगळी घेतलं अन् निघाला. सालभर सोडलेल्या वाटेनंच निघाला. मागं कडूबाई, तिच्या मागं शेळी, शेळीच्या मागं तांब्या घिऊन धुरपताबाई.

‘‘दादा,’’ पाठीवरून मुंजाजी मनला, ‘‘त्या दिवशी... चौघं लागणार व्हते. आज तू एकटाच.’’

‘‘गप बस,’’ लिंबाजी मनला. त्यानं भावाला पाठीवर जरा वर सरकावलं.

बाभळीखाली मुंजाजीला टेकवून बसवलं. सरळ वेळू सगळ्यांच्या डोळ्यात भरणारा. कडूबाईनं आधी त्योच घेतला. चिंचोका जरा उशिरा कळला. तांब्या नीट. शेळी नीट. पर दहा-बारा येळा फेकून बगितल्यावर तिचा खांदा भरून आला. मंग तिनं वाकडा घेतला. हलका. धुरपताबाईनं चिंचोक्याला फुंकर घातली न घातली तोच कडूबाई मनली, ‘‘आली.’’

‘‘अगं मी अजून नीट फुंकलं बी न्हाई!’’

‘‘वाकडा हाय त्यो,’’ लिंबाजी मनला. कुणाकडंच न बगता.

‘‘वाक काढता येतो,’’ मुंजाजी मनला. ‘‘वजन काढता येत न्हाई.’’

तांब्या उचलला. पाणी सांडलं न्हाई. शेळीला दोरी बांधली, पाला दाखवला. शेळी सुटली, कडूबाईनं काठी मागं वढली अन् शेळीनं तिलाच चार पावलं फरफटत नेलं. पदर काट्यात, कडूबाई गुडघ्यावर.

‘‘वढू नको!’’ मुंजाजी वरडला. ‘‘ती जिकडं जाती... तिच्या बाजूनं चाल. मान वळव. मान वळली की... अंग वळतं.’’

दुसऱ्यांदा कडूबाई शेळीच्या अंगाला अंग लावून चालली, काठी आडवी कलती केली, अन् शेळी गोल फिरून तिच्याच पायाशी आली. काठी कमानीसारखी वाकली व्हती, ती सळकन सरळ झाली. कुठं तडा न्हाई.

पुढचे सात दिवस बाभळीखालीच काम चाललं. गोवरीच्या धगीवर वेळू शेकायचा, करडीचं तेल चोळायचं, गुडघ्यावर दाबून वाक काढायचा, गार हुईस्तोवर तसंच धरायचं. तळहाताला फोड आले, फुटले, पुन्हा आले. सात हातावर बूड कापलं, तिच्या मापानं. दोरी सुताची, तीन पदरी, बाभळीची साल उकळून त्या पाण्यात रंगवलेली. गळ लोहाराकडून. मुंजाजी रोज भावाच्या पाठीवर यायचा अन् जायचा. त्या सात दिवसात दोघं भाऊ काय बोलले ते त्यांनाच ठाऊक, पर सातव्या दिवशी लिंबाजी त्या बाभळीखाली डोकं टेकून झोपला व्हता.

दसरा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी दिनकरराव बैलांच्या दमणीतून उतरला. भोई रांगेनं काठ्या घिऊन हुबे. मुनीम लाख वितळवून एकेकाच्या काठीच्या बुडाला ठिपका दिऊन मोहर दाबायला लागला. कडूबाईची पाळी आली.

दिनकररावानं भुवई चढवली. ‘‘ही काय थट्टा लावलीय? बाई बसणार? ठिय्या मुंजाजीच्या नावचा आहे. काठी त्याची पाहिजे. उद्या कुणाच्याही काठ्या घेऊन कुणीही बसलं तर माझा बंदोबस्त काय राहिला?’’

‘‘काठी त्याहींचीच हाय रावसायब,’’ कडूबाई पदराआडून मनली.

‘‘कशावरून?’’

‘‘गावाला इचारा, कुणाच्या नावानं तोडली.’’

सगळे पायाकडं बगायले. तवा रांगेतून लिंबाजी पुढं आला.

‘‘मी तोडली सरकार,’’ त्यो मनला. ‘‘ह्या हातानं. भावाच्या तिरडीसाठी तोडली. त्यो वाचला. मंग ह्याच्याहून त्याची वस्त दुसरी कोणती असंल?’’

मुनीमाच्या हातातली लाख तशीच थांबली. त्यो दोन पावलं मागं सरला. ‘‘रावसाहेब, मी न्हाई ह्या काठीला हात लावणार. लेकराबाळाचा माणूस हाय मी.’’

दिनकरराव बी जरा सरकला, पर सगळ्यांसमोर घाबरलं कसं दाखवायचं? ‘‘लाव मोहर! कायदा तो कायदा.’’

‘‘आणा मी धरते,’’ कडूबाई मनली. तिनं लाखेची कांडी मुनीमाच्या हातून घेतली, दिव्यावर धरली, आपल्या हातानं बुडाला ठिपका दिला. मुनीमानं डोळे मिटून, हात लांब करून मोहर टेकवली. मागं कुणीतरी फिसकन हासलं.

‘‘मोडली तर?’’ दिनकरराव मनला.

‘‘तर ठिय्या तुमचा.’’

ती म्हशीच्या खडकावर जाऊन बसली. मागं काठावर मुंजाजीला बसवलेलं. दिनकरराव बी गेला न्हाई, दमणीच्या सावलीत बगत बसला. आधी तिनं समोर गांडूळ टाकलं. बऱ्याच येळानं बोटाला फुंकर घातल्यासारखं कळलं. तिनं नुसतं मनगट उचललं. शेरभराचा रोहू. वठ फाटला न्हाई. काठावर कुजबूज झाली.

मंग तिनं बेडूक लावला अन् शेवाळाच्या कडंला फेकला. बेडूक दोनदा पव्हला. तिसऱ्यांदा पाणी फुटलं अन् काठी हातातून निसटता निसटता राह्यली. मरळ. मोठी. सरळ शेवाळाकडं निघाली. कडूबाईनं घाबरून मागं वढलं. काठी वाकली, वाकली, शेंडा पाण्यात गेला अन् आतून करकर आवाज आला. दिनकरराव उठून हुबा राह्यला.

‘‘शेळी!’’ मागून मुंजाजी वरडला. सालभरात इतक्या मोठ्यानं त्यो बोलला नव्हता. ‘‘कडू, शेळी!’’

कडूबाईनं वढणं सोडलं. ती खडकावरून घसरून कमरेइतक्या पाण्यात उतरली अन् मरळ जिकडं जायली तिकडं, तिच्या बाजूनं चालली. काठी आडवी कलती केली. एक पाऊल. अजून एक. पायाखाली गाळ, पाण्यात लुगडं फुगलेलं. मरळीची मान वळली. मान वळली की अंग वळलं. ती गोल फिरली, समोर खोल पाण्यात आली, पुन्हा फिरली, पुन्हा. कडूबाईच्या हातातून रगत यायलं पर तिनं मूठ सोडली न्हाई.

काठाला आली तवा मरळीनं शेवटचा हिसका दिला. अन् तवा लिंबाजी, जो धाकट्या भावाच्या बायकोशी एक शब्द कधी तोंडावर बोलला नव्हता, गुडघाभर पाण्यात घुसून वरडला, ‘‘कडू! पोरी, सोडू नको! धर!’’

तिनं धरलं. त्यानं मरळ गालफडात बोटं घालून भायर फेकली. हातभर लांब, काळी, ठिपक्याठिपक्यांची.

कडूबाईनं आधी मासा बगितला न्हाई. तिनं काठी पुसली अन् बुडापासून शेंड्यापर्यंत बोट फिरवत नेलं. एकेक पेर. कुठं तडा न्हाई. मंग तिनं ती दिनकररावाच्या दिशेनं आडवी धरली, बगा मनून.

दिनकरराव दमणीत बसला अन् गेला.

त्या सालचा ठिय्या राह्यला. पुढच्या सालचा बी. थंडीत मरळ बसली तवा बाकीच्यांच्या काठ्या वळचणीला गेल्या, अन् कडूबाईनं कपारीतून वाम काढली, समोरून रोहू काढला. कुणाच्या ताटाकडं बगायची येळ आली न्हाई. मासे घिऊन ती अप्पाच्या मळ्याला वळसा घालून जायची, अर्धा कोस जास्त. अन् दर सोमवारी डोहातली कमळं घिऊन मात्र सरळ वाटेनं जायची, गंगम्माच्या हातात द्यायची, महादेवासाठी. पोलीस ॲक्शन झालं, निजाम गेला, गुत्ता गेला, मोहरा गेल्या, जाळी पुन्हा पाण्यात पडली. कडूमाय तरी काठी घिऊनच बसायची. मुंजाजी अजून एकोणीस वर्षं जगला अन् काठावरून तिला वरडत राह्यला.

ती काठी तिनं घरात कधीच आणली न्हाई. रीत ती रीत. रातच्याला बाभळीला, दिवसा हातात.

आता कडूमाय गेली तवा कुणीतरी मनलं, तिची काठी हाय की, तीच लावू तिरडीला, तिला बरं वाटंल. सगळे थांबले. मंग लिंबाजीच्या नातवानं मान हालवली. मनला, ‘‘न्हाई. ती आजीच्या नावची न्हाई, मुंजाआज्याच्या नावची हाय. अन् तिरडीला लागायचं असतं तर ती तवाच लागली असती.’’

अप्पाच्या नातवाकडून दोन नवे वेळू आणले. त्यानं बी न्हाई मनलं न्हाई.

काठी बाभळीला हाय. बुडाला लाखेचा लाल ठिपका अजून दिसतो.